चारापट्टा (वन्यजीव व्यवस्थापन)

चारापट्टा म्हणजे वन्य प्राण्यांनी, विशेषतः हरणांनी, उभे पीक जागेवरच खावे या हेतूने पेरलेला जमिनीचा लहान तुकडा होय. या पिकाची कापणी किंवा मळणी करावयाची नसते. ही पद्धत सर्वाधिक रूढ आहे ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथे खासगी जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी हंगामानुसार असे पट्टे पेरले जातात. नैसर्गिक चारा ज्या महिन्यांत अपुरा किंवा निकस असतो, त्या महिन्यांत पोषक चारा मिळवून देणे हा त्यांचा घोषित उद्देश असतो. प्रत्यक्षात अनेक पट्टे शिकारीच्या मोसमात हरणे ठरावीक जागी यावीत यासाठीच पेरलेले असतात. चारापट्टा हा अधिवास सुधारण्याचा उपाय आहे की शिकारीचे आमिष, हा या विषयातील मुख्य वाद आहे. त्याचे उत्तर पट्ट्यात काय पेरले आहे यापेक्षा पट्ट्याभोवतीच्या जमिनीचे आणि हरणांच्या संख्येचे काय केले आहे, यावर अधिक अवलंबून असते.

संज्ञा

अमेरिकेत अशा तुकड्याला 'फूड प्लॉट' म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही, म्हणून या लेखात 'चारापट्टा' हा शब्द योजला आहे. मराठीत 'हरीण' हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी भरीव शिंगे असणारे ते सारंग (चितळ, सांबर), आणि कायमची पोकळ शिंगे असणारे ते कुरंग (काळवीट, चिंकारा). पांढऱ्या शेपटीचे हरीण हे सारंग कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस असे आहे. संस्कृतातील 'मृग' शब्दाचा मूळ अर्थ कोणताही वन्य पशू असा होता, तो पुढे हरणापुरता संकोचला. इंग्रजीतील 'डिअर' शब्दाचाही प्रवास नेमका तसाच झाला, ही लक्षणीय गोष्ट आहे. दोन्हीकडे शिकारीचा मुख्य पशू हरीणच असावा, हे त्यामागील कारण संभवते.

पार्श्वभूमी

पांढऱ्या शेपटीचे हरीण दक्षिण कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आढळते. एकोणिसाव्या शतकात मांस व कातड्याच्या व्यापारासाठी झालेली बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे त्या शतकाच्या अखेरीस संयुक्त संस्थानांतील त्याची संख्या काही लाखांवर आली. १९०० सालच्या लेसी कायद्याने अवैधरीत्या मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवले. पकडून नव्या जागी सोडलेली हरणे, शिकारीवरील निर्बंध आणि पडीक शेतांवर उगवलेले झाडोरे यांमुळे संख्या झपाट्याने वाढली. आज ती सुमारे तीन कोटी मानली जाते.

पट्टे पेरण्याची कल्पना हरणांसाठी जन्मली नाही. आग्नेय राज्यांतील मोठ्या मळ्यांवर बॉबव्हाइट लाव्यांच्या शिकारीसाठी धान्याच्या लहान पट्ट्या राखण्याची चाल होती. हर्बर्ट स्टॉडर्ड यांचा या पक्ष्यावरील अभ्यासग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन वर्षांनी आल्डो लिओपोल्ड यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ आला. ज्या साधनांनी वन्यजीवांचा नाश झाला, त्याच कुऱ्हाड, नांगर, गुरे, आग आणि बंदूक या साधनांचा विचारपूर्वक वापर करून ते पुन्हा वाढवता येतील, असे त्यांनी त्यात मांडले. चारापट्टा हा या पाचांपैकी केवळ नांगराचा वापर आहे. इतर चार साधनांकडे, विशेषतः कुऱ्हाड व आग यांकडे, हौशी जमीनमालकांचे कमी लक्ष गेले, ही पुढे वन्यजीव अभ्यासकांची तक्रार राहिली.

१९७५ साली अल् ब्रदर्स व मर्फी रे यांचे 'प्रोड्यूसिंग क्वालिटी व्हाइटटेल्स' हे पुस्तक टेक्सासमध्ये प्रसिद्ध झाले. कोवळ्या वयाचे नर न मारता वाढू द्यावेत, माद्यांची संख्या मात्र शिकारीने आटोक्यात ठेवावी आणि अधिवास सुधारावा, अशी त्याची त्रिसूत्री होती. १९८८ साली जो हॅमिल्टन यांनी दक्षिण कॅरोलायनात याच विचाराच्या प्रसारासाठी 'क्वालिटी डिअर मॅनेजमेंट असोसिएशन' स्थापन केली. २०२० साली ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन 'नॅशनल डिअर असोसिएशन' झाली. त्याच १९८८ साली अलाबामात रे स्कॉट यांनी केवळ हरणांसाठी क्लोव्हरचे वाण विकणारी कंपनी काढली. तेव्हापासून हरणांच्या चाऱ्याचे बियाणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला. रुबाबदार शिंगांच्या नराचे चित्र असलेल्या महागड्या पिशवीत पुष्कळदा साधे ओट, गहू किंवा सलगमच असते. म्हणून पिशवीवरील चित्राऐवजी त्यामागील बियाण्यांची यादी व उगवणशक्तीची टक्केवारी वाचावी, असा सल्ला कृषी विस्तार अधिकारी देत असतात.

या पद्धतीला खासगी जमिनीवर एवढे महत्त्व येण्याचे कारण कायद्यात आहे. संयुक्त संस्थानांत जमीन मालकाची असली तरी तिच्यावरील रानटी हरीण त्याच्या मालकीचे नसते. राज्य जनतेच्या वतीने त्याचे विश्वस्त असते. किती हरणे, केव्हा व कोणत्या हत्याराने मारावीत हे राज्य ठरवते. मालकाच्या हाती उरते ती जमीन आणि तिच्यावरील वनस्पती. टेक्सासमध्ये सुमारे ९५ टक्के जमीन खासगी असल्याने तेथे हरणांचे भवितव्य बहुतांशी जमीनमालकांच्याच निर्णयांवर ठरते. त्या राज्याच्या एका योजनेत अधिवास सुधारण्याची ठरावीक कामे करणाऱ्या मालकांना शिकारीचा लांब मोसम दिला जातो.

हरणाचे आहारवर्ष

चारापट्ट्याचे वेळापत्रक समजण्यासाठी हरणाचे वर्ष समजून घ्यावे लागते. हरीण रवंथ करणारे असले तरी ते गाईप्रमाणे गवतावर जगत नाही. त्याचे कोठीपोट शरीराच्या मानाने लहान असते. त्यामुळे भरपूर पण निकस चारा खाण्याऐवजी ते थोडे, कोवळे आणि पौष्टिक निवडून खाते. झुडपांचा पाला व कोवळ्या डहाळ्या, रुंद पानांच्या रानवनस्पती, वेली, फळे आणि शरदात गळणारी ओक वृक्षाची एकॉर्न नावाची फळे हा त्याचा मुख्य आहार होय. त्यात गवताचा वाटा अल्प असतो. पट्ट्यात गुरांसाठी उत्तम असलेले गवत पेरले आणि हरणे फिरकली नाहीत, असा अनुभव नवख्यांना येतो तो यामुळेच.

गर्भधारणेचा काळ सुमारे २०० दिवसांचा असतो. उत्तरेकडे माजाचा काळ नोव्हेंबरच्या आसपास येतो आणि पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात. पाडसाला पाजणाऱ्या मादीची पोषणाची गरज वर्षात सर्वाधिक असते. या काळात तिच्या आहारात सुमारे १६ टक्के प्रथिने असावी लागतात, तर एरवी प्रौढ हरणाचे याच्या जवळपास निम्म्या प्रमाणावरही भागते. नराची शिंगे वसंतात फुटू लागतात आणि उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ती कठीण होऊन कातडी गळून पडते. म्हणजे मादीचे दूध आणि नराची शिंगे या दोन्हींची मागणी एकाच वेळी, उन्हाळ्यात असते.

दक्षिणेकडील राज्यांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात रानवनस्पती जून होतात, त्यांतील प्रथिने घटतात आणि पाऊसही कमी पडतो. तेथे हरणांच्या हलाखीचा काळ तोच असतो. उत्तरेकडे तो काळ हिवाळ्याची अखेर हा असतो. तेथे हरीण शरदात चरबी साठवते, हिवाळ्यात आपोआप कमी खाते व कमी हिंडते आणि दाट सूचिपर्णी झाडांच्या आडोशाला थांबते. हिवाळ्यात वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक घटूनही निरोगी हरीण तगते. तेथे बर्फाखाली गाडला जाणारा हिरवा पट्टा फारसा उपयोगी पडत नाही. हेमलॉक वा सीडरच्या आडोशाचे मोल त्याहून अधिक असते. शिकारीचा मोसम मात्र मुख्यतः शरदात व हिवाळ्याच्या आरंभी असतो, म्हणून बहुतेक लोक त्याच काळात हिरवे दिसणारे पीक पेरतात. पोषणाची सर्वांत मोठी तूट भरून काढणारे उन्हाळी पट्टे त्या मानाने कमी पेरले जातात, कारण ते कठीण व खर्चिक असतात. पट्टा कोणासाठी आहे, हरणासाठी की शिकाऱ्यासाठी, हे त्याच्या पेरणीच्या महिन्यावरून बरेचसे ओळखता येते.

जागा आणि जमिनीची तयारी

एकूण जमिनीच्या दोन ते पाच टक्के क्षेत्र चारापट्ट्यांखाली असावे, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. पट्टे दहा गुंठ्यांपासून चार-पाच एकरांपर्यंत असतात. उघड्यावर जाणे हरीण टाळते, म्हणून चौरस शेतापेक्षा जंगलाच्या कडेने जाणारा लांबट, वाकडातिकडा पट्टा अधिक वापरला जातो. मात्र फार लहान पट्ट्याला झाडांची सावली व मुळे नडतात आणि हरणांचा कळप त्यातील रोपे मुळे धरण्यापूर्वीच संपवतो. सोयाबीन व चवळी यांचे असे नुकसान विशेष होते. त्यासाठी रोपे मोठी होईपर्यंत झटका कुंपण लावतात. मुख्य कुंपणाच्या बाहेर सुमारे तीन फुटांवर आणखी एक तार बांधली की हरणाला उडीचा अंदाज येत नाही, आणि कमी उंचीच्या कुंपणानेही काम भागते.

पट्ट्यांना सहसा सुपीक शेतजमीन मिळत नाही. जंगलातील मोकळी जागा, लाकूड वाहून नेण्याचे जुने रस्ते, विजेच्या तारांखालील पट्टी अशा ठिकाणी ते केले जातात. पूर्व व आग्नेय अमेरिकेतील अशी माती बहुधा आम्ल असते. क्लोव्हर किंवा लसूणघास यांना ६ ते ७ च्या दरम्यान सामू लागतो. तो त्याहून बराच खाली असला तर घातलेले खत पिकाला नीट उपलब्ध होत नाही. म्हणून माती परीक्षण करून पेरणीच्या काही महिने आधी शेतीचा चुना मातीत मिसळणे हे पहिले काम ठरते. आम्ल मातीत एकरी एक-दोन टन चुना लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. डोंगरउतारावरील पट्ट्यात इतका चुना वाहून नेणे जिकिरीचे असल्याने पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि महाग बियाणे वाया घालवतात.

शेंगावर्गीय पिकांच्या बियाण्याला त्या त्या पिकाच्या रायझोबियम जिवाणूसंवर्धकाची बीजप्रक्रिया करावी लागते. क्लोव्हर व मोहरीवर्गीय बियाणे फार बारीक असते. ते फोकून हलक्या रुळाने दाबतात. पाव इंचापेक्षा खोल गेल्यास ते उगवत नाही. सोयाबीन, चवळी, वाटाणा हे मात्र इंचभर खोल पेरावे लागतात. एकाच मिश्रणातील सर्व बियाणे एकदमच फोकून देण्याची चूक फार आढळते. मोठे बियाणे आधी फोकून कुळवाने मातीआड करावे आणि मग बारीक बियाणे वरून टाकावे, ही योग्य रीत होय.

हंगाम आणि पिके

खरीप व रब्बी ही आपल्याकडील विभागणी मोसमी पावसावर बेतलेली आहे. पूर्व अमेरिकेत पाऊस कमीअधिक वर्षभर पडतो, त्यामुळे तेथील हंगाम तापमानावर ठरतात.

उष्ण हंगामाची पेरणी वसंताच्या उत्तरार्धात, माती पुरेशी तापल्यावर होते. यातील काही पिके मराठी वाचकाच्या परसातलीच आहेत. टेक्सास व आग्नेय राज्यांत हरणांसाठी पेरले जाणारे 'लॅबलॅब' म्हणजे आपला वाल, आणि 'काउपी' म्हणजे चवळी. वालाचा वेल अवर्षणात तग धरतो आणि पाला खुडला तरी पुन्हा फुटतो, म्हणून कोरड्या भागात त्याला मागणी आहे. टेक्सासमधील संशोधकांनी त्याचा 'रिओ व्हर्दे' नावाचा वाण विकसित केला आहे. मूळचा भारतातील तागही अलीकडे तेथे हरणांसाठी पेरला जातो. या खेरीज सोयाबीन, सूर्यफूल, कुट्टू आणि मका घेतात. सोयाबीनचा पाला उन्हाळ्यात व वाळलेल्या शेंगा हिवाळ्यात उपयोगी पडतात. मका ऊर्जा भरपूर देतो, पण त्यात प्रथिने कमी असतात. त्यामुळे शिंगांच्या वाढीसाठी मका पेरणे हा गैरसमज आहे. थंडीत अंग राखण्यासाठी मात्र तो उपयुक्त ठरतो.

थंड हंगामाचे पट्टे उत्तरेत जुलै-ऑगस्टपासून आणि दक्षिणेत सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. ओट, गहू व राय ही तृणधान्ये लवकर उगवतात आणि कोवळी असताना हरणांना आवडतात. ओट सर्वांत प्रिय, पण कडक थंडीत मरतो. राय सर्वांत काटक असून निकस मातीतही येतो. सलगम, रेप व केल या मोहरीवर्गीय पिकांचा पाला आरंभी उग्र असतो. थंडीने त्यातील शर्करा वाढते, आणि हिम पडल्यानंतर हरणे त्यावर तुटून पडतात. हे पीक ओळखीचे नसलेल्या भागात पहिली एक-दोन वर्षे हरणे त्याला तोंडही लावत नाहीत, असेही आढळते. रोग व किडी साचू नयेत म्हणून एकाच जागी ते दोन वर्षांपेक्षा अधिक सलग घेत नाहीत, फेरपालट करतात.

बहुवार्षिक पिकांत पांढरा क्लोव्हर मुख्य होय. आपल्याकडील बरसीम याच प्रजातीसमूहातील आहे. पांढरा क्लोव्हर नीट लागला तर तीन ते पाच वर्षे टिकतो, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतो आणि वसंतात इतर काही हिरवे होण्यापूर्वी चारा देतो. उन्हाळ्यात तो मंदावतो. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यासोबत चिकोरी पेरतात. कॉफीत मिसळतात तीच ही वनस्पती. तिचे सोटमूळ खोल जात असल्याने कोरड्या महिन्यांतही ती हिरवी राहते. उत्तरेकडे क्लोव्हरचे बियाणे हिवाळ्याच्या अखेरीस गोठलेल्या जमिनीवर नुसते फोकतात. दिवसा वितळणाऱ्या व रात्री गोठणाऱ्या मातीला भेगा पडतात आणि बियाणे आपोआप आत ओढले जाते. नांगराशिवाय होणारी ही सर्वांत स्वस्त पेरणी होय.

पट्टा यशस्वी झाला की नाही हे नुसते पाहून कळत नाही. हरणांनी खाऊन उजाड केलेला पट्टा मालकाला उगवलाच नाही असे वाटते, तर हिरवागार डोलणारा पट्टा हरणांनी नाकारलेलाही असू शकतो. यासाठी पेरणीनंतर लगेच जाळीचा सुमारे चार फुटी पिंजरा पिकात उभा करतात. आतील व बाहेरील पिकाच्या उंचीतला फरक म्हणजे हरणांनी खाल्लेला चारा. हा फरक फार मोठा असेल, तर आणखी पट्टे पेरावेत असा अर्थ पुष्कळ जण काढतात. वास्तविक ती बहुधा परिसरात हरणे अतोनात झाल्याची खूण असते.

मर्यादा

जमिनीच्या पाच टक्क्यांत पेरले तरी उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत हरणाला खायला, लपायला आणि पाडस ठेवायला काय आहे, हा प्रश्न राहतोच. दाट वाढलेल्या बंदिस्त जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून हरणाच्या तोंडाच्या उंचीवर पाला नसतो. तेथे निवडक झाडे काढून छत्र विरळ केले आणि काही वर्षांच्या अंतराने नियंत्रित वणवा दिला, तर रानवनस्पती, काटेरी रास्पबेरीवर्गीय झुडपे व वेली मोठ्या क्षेत्रावर आपोआप उगवतात. त्यांतील अनेकींची पोषकता पेरलेल्या चाऱ्याच्या तोडीची असते आणि त्यांना बियाणे, चुना वा खत लागत नाही. शिवाय त्यांत पाडसांना आडोसा मिळतो. तो क्लोव्हरच्या पट्ट्यात मिळत नाही. क्रेग हार्पर यांनी टेनेसी विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागासाठी चारापट्ट्यांवर सविस्तर मार्गदर्शिका लिहिली. नैसर्गिक वनस्पतींच्या व्यवस्थापनाचे महत्त्व आग्रहाने मांडणाऱ्यांत त्यांचेच नाव अग्रणी आहे.

परक्या वनस्पतींचा धोका हीदेखील जुनी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी यंत्रणांनीच वन्यजीवांच्या अन्नासाठी व आडोशासाठी पुरस्कारलेली ऑटम ऑलिव्ह, मल्टिफ्लोरा गुलाब व बायकलर लेस्पेडेझा ही झुडपे पुढे पूर्व अमेरिकेत आक्रमक तण ठरली.

संख्येचा प्रश्न याहून गंभीर आहे. चारा वाढला आणि माद्यांची शिकार वाढली नाही, तर काही वर्षांतच हरणे वाढून नवा चाराही अपुरा पडतो, आणि भोवतालच्या जंगलावरील भार पूर्वीपेक्षा वाढतो. पेनसिल्व्हेनियातील अॅलेगेनी पठारावर वन विभागाने कुंपणे घालून दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांत, हरणे दाट असलेल्या भागात झाडांची नवी रोपे व ट्रिलियमसारख्या रानफुलांची वाढ खुंटते आणि नेच्यांचे रान माजते, असे दिसून आले. स्वतः लिओपोल्ड यांनी १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये हरणांची संख्या घटवण्याची बाजू घेतली आणि त्यासाठी लोकक्षोभ पत्करला. हरणांशी होणारे वाहनांचे अपघात देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक असतात. शेजारच्या शेतकऱ्याचे पीक खाणारी हरणेही बहुधा तीच असतात जी एखाद्याच्या चारापट्ट्यावर पोसलेली असतात.

आमिष, ढीग आणि रोग

कायद्याच्या दृष्टीने चारापट्टा आणि आमिष यांत भेद केला जातो. मक्याचा ढीग ओतणे किंवा यंत्राने दाणे फेकणे हे आमिष वा पूरक खाद्य होय. उभे पीक ही सर्वसाधारण शेती मानली जाते. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर आमिषावर शिकार करण्यास परवानगी आहे. मिनेसोटात ती निषिद्ध आहे, पण चारापट्ट्यावर बंदी नाही. शिकारीच्या नीतीच्या दृष्टीने हा भेद कित्येकांना तकलादू वाटतो. हरणाच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्याला ठोस आधार आहे.

पहिले कारण पचनाचे आहे. हिवाळ्यात हरणाच्या कोठीपोटातील जिवाणू डहाळ्या पचवण्यास सरावलेले असतात. अशा वेळी अचानक भरपेट मका मिळाला तर पोटात आम्लता वाढून हरीण दगावू शकते. दयेपोटी टाकलेल्या मक्याने पोट भरलेल्या अवस्थेत मेलेली हरणे आढळली आहेत. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे लाव्यांसारख्या पक्ष्यांनाही घातक असते.

दुसरे कारण संसर्गाचे आहे. ढिगाशी अनेक हरणे तोंडाला तोंड लावून खातात, एकमेकांची लाळ चाटतात. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ साली रानटी हरणात गोवर्गीय क्षयरोग आढळला. तो हरणांत टिकून राहिला आणि गुरांच्या कळपांतही पोचला. दाट झालेली हरणे आणि त्यांना टाकले जाणारे खाद्य ही त्याची प्रमुख कारणे मानण्यात आली, आणि १९९८ मध्ये बाधित भागात आमिष व खाद्य यांवर बंदी आली.

याहून भयंकर आहे तो हरणांचा क्षीणकारी रोग. तो १९६७ साली कोलोरॅडोतील बंदिस्त म्यूल हरणांत प्रथम लक्षात आला. प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग मेंदू पोखरतो. त्यावर उपचार नाही, लसही नाही. २००२ साली तो विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत आढळला, तेव्हा तो मिसिसिपी नदीच्या पूर्वेस पोचल्याचे उघड झाले. आज तो तीसहून अधिक राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याची नोंद नाही. तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. प्रायॉन लाळ, मूत्र व विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. गवतवर्गीय रोपांना प्रायॉन चिकटतात आणि अशी रोपे खाणाऱ्या प्रयोगशाळेतील हॅम्स्टरांना रोग होतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे ढिगापेक्षा पट्टा बरा, हे खरे असले तरी पट्टा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. एकच लहान पट्टा सगळ्या परिसरातील हरणांना रोज एकत्र आणत असेल, तर त्यात आणि ढिगात फरक फक्त प्रमाणाचा राहतो. बाधित भागात एका मोठ्या आकर्षणाऐवजी विखुरलेला चारा, विरळ केलेले जंगल आणि माद्यांची पुरेशी शिकार यांवर भर देण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे.

इतर देश

जर्मनीत वन्यजीवांसाठी पेरलेल्या शेताला 'विल्टआकर' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात तांबड्या हरणांना हिवाळ्यात खाद्य देण्याची प्रथा जुनी आहे. हरणांनी झाडांची साल सोलू नये आणि ती दरीतील शेतांत उतरू नयेत, हा तिचा एक उद्देश असतो. ब्रिटनमध्ये केल व मका यांच्या पट्ट्या प्रामुख्याने फेझंट पक्ष्यांसाठी राखतात.

भारत व महाराष्ट्र

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे अमेरिकन अर्थाने खासगी चारापट्ट्यांना येथे स्थान नाही. येथील शेतकऱ्यापुढचा प्रश्न उलट आहे. विदर्भ-मराठवाड्यात रोही, काळवीट व रानडुकरे उभे सोयाबीन, तूर, हरभरा खातात, आणि शेतकरी रात्र रात्र जागल करतात. न मागता, न पेरता प्रत्येक शेतच चारापट्टा होते. नुकसानीची भरपाई वन विभागामार्फत मिळते. तरी पंचनाम्याचा व्याप आणि मिळणारी रक्कम यांविषयी शेतकऱ्यांची नाराजी कायम आहे.

अधिवास सुधारण्याचे काम येथे संरक्षित क्षेत्रांच्या आत, सरकारी जमिनीवर होते आणि त्यात पिके नव्हे, तर स्थानिक गवते वाढवली जातात. मेळघाट व ताडोबा-अंधारी या व्याघ्र प्रकल्पांत गावांचे पुनर्वसन झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतजमिनींची कुरणे करण्यात आली. टणटणी, तरोटा यांसारखी तणे उपटायची, मारवेल व पवन्या यांसारख्या गवतांचे बी धरू द्यायचे आणि चितळ, सांबर, गवे यांना चरण्यास जागा मिळवून द्यायची, असे त्या कामाचे स्वरूप असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात काळविटांसाठी १९८० साली स्थापन झालेले रेहेकुरी अभयारण्य केवळ २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. तेथील काळविटे अभयारण्याची हद्द ओलांडून भोवतालच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत चरतात, आणि त्यांच्या चाऱ्याचा काही भार ती खासगी शेतेच उचलतात.